सातशे चौदाची ओळ

मार्च लागला की आमच्या मजल्यावरचे सकाळचे आवाज बदलतात. समोरच्या खोलीतली सायली यंदा दहावीला आहे. दारात पाट टाकून ती इतिहासाची उत्तरं घोकते आणि ती अख्ख्या मजल्याला पाठ होतात. परवा ती मध्येच अडली, तर कठड्याशी दात घासत उभ्या असलेल्या दोघांनी पुढचं वाक्य सांगून टाकलं. मी आत लॅपटॉप उघडून बसले होते. एका जुन्या ओळीतला एक शब्द बदलायचा होता, आणि बोट काही चालत नव्हतं. सायली थांबली तेव्हा मला उगाचच वाटलं, आता समोरून कुणीतरी म्हणेल, "थांबलंस मा? परत म्हण." दर मार्चला वाटतं. म्हणणारा माणूस जाऊन वर्षं झाली.

माझ्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी कायम उघडी असते. तिला टर्मिनल म्हणतात. तिच्यात एक जुनापुराणा एडिटर चालतो आणि त्यात साधा मजकूर, काळ्यावर पांढरा. रंग नाही, चौकटी नाहीत, माऊसही लागत नाही. भाचा आला की हसतो. "मावशी, जग कुठे गेलं, आणि तू अजून पाटी-पेन्सिल घेऊन बसलीयेस." बस हसत. त्याचे तीन फोन झाले आणि तीनदा त्याच्या नोंदी हरवल्या. माझ्या पंचवीस वर्षांपूर्वीच्या नोंदी होत्या तशा आहेत, आणि कुठल्याही मशीनवर उघडतात. हां, या खिडकीत देवनागरीचं जरा वाकडंच असतं. वेलांटी आपली जागा सोडून शेजारणीच्या डोक्यावर जाऊन बसते आणि आपण नेमके कुठल्या अक्षरावर आहोत ते अंदाजानं ओळखावं लागतं. पण दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या बाईला एवढ्यातेवढ्या दाटीचं काही वाटत नाही.

हे सगळं मी शिकले ते फोर्टातल्या एका ऑफिसात. गिरण्यांचा संप संपला असं कुणी कधी म्हटलं नाही, तो नुसता झिरपत गेला, त्यानंतरची ही गोष्ट. गिरगावात टायपिंगचा क्लास केला होता, त्या जोरावर चिकटले. पहिल्याच दिवशी साहेबांनी टर्मिनलसमोर बसवलं, लिहायचं कसं ते दाखवलं आणि ते जेवायला गेले. बाहेर कसं पडायचं ते सांगायचं राहिलं. मी मांडीवर डबा घेऊन तशीच बसलेली. परत आल्यावर म्हणाले, "अगं, जेवली नाहीस?" म्हटलं, "सर, हे सोडतच नाहीये मला." ते इतके हसले की मला रडू आलं.

माणूस मात्र चांगला. त्यांनी दोनच गोष्टी शिकवल्या. एक, ओळ अशी लिहायची की ती एकटी समोर आली तरी कळली पाहिजे. आणि दुसरी, सगळ्याच गोष्टींना रकाने पाडायचे नाहीत. "नलिनी, उद्या काय शोधावं लागेल ते आज आपल्याला ठाऊक नसतं. रकाना पाडलास की त्यात न बसणारं तू लिहीतच नाहीस. तू आपलं लिहून ठेव. शोधायचं काम मशीनचं." शोधायचं म्हणजे तिरकी रेघ मारायची, शब्द लिहायचा, एंटर दाबायचं. असेल तर कर्सर जाऊन त्या शब्दावर उभा राहतो. नसेल तर खाली एक कोरडी ओळ येते की सापडलं नाही. मला हे फार आवडलं. आमच्याकडे एखादी गोष्ट शोधायची म्हणजे तीन ट्रंका, एक माळा आणि आईची बोलणी.

आईची खानावळ होती, याच खोलीत. वडील मी लहान असतानाच गेले, आणि मागच्या गिरणीतले वीसेक गडी आमच्याकडे पाळीपाळीनं जेवायचे. सगळे कोकणातले, बायकापोरं गावी ठेवून आलेले. आईला सगळे मामी म्हणायचे. ती त्यांना काय म्हणायची ते ऐकून नव्या माणसाला वाटायचं ही जेलर आहे. त्यांच्यात सखाराम चार आणि भिकू तीन. हाक मारली की तिघं-चौघं वळायचे. म्हणून प्रत्येकानं आपल्या जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या ताटाच्या काठावर गिरणीतला तिकीट नंबर खिळ्यानं ठोकून घेतला होता, ठिपक्याठिपक्यांचा. घराघरात भांड्यांवर नावं घालतात, आमच्याकडे नंबर. आईला अक्षर येत नव्हतं पण आकडे येत होते. त्यामुळे नंबर हेच नाव. "दोनशे नऊ, आज कढी आहे, नाक मुरडायचं नाही." "पाचशे एक, तुझा सोमवार ना? मग बांगड्याकडे बघतोस कशाला?"

आणि मी? मला सगळे काका. ज्यांच्या मधून वाट काढत मी मोरीपर्यंत जायचे, ज्यांच्या जेवणाच्या आवाजात मी गणितं सोडवायचे, त्यांच्यातल्या एकाचंही नाव मी कधी विचारलं नाही. पुस्तकात नाक खुपसून बसलेल्या मुलींना वाटतं की आपण फार हुशार आहोत.

माझ्या दहावीच्या त्या मार्चला संप नवा होता. जानेवारीत सगळे म्हणत होते, पंधरा दिवस. फेब्रुवारीत म्हणाले, होळीपर्यंत. होळी आली तेव्हा गडी एकेक करून गावाला निघाले. जाताना ताटं घासूनपुसून आईकडे देत. ठेव मामी, येतो परत. फळीवर उभ्या ठेवलेल्या ताटांची रांग रोज वाढे आणि पंगत रोज लहान होई. गिरणीचा भोंगा बंद पडल्यामुळे सकाळी उठायचं कधी तेच कळेना. आई दूधवाल्याच्या कडीवर उठू लागली. आईनं कुणाला जेवू नको म्हणून सांगितलं नाही. भात मात्र दिवसेंदिवस लहान भांड्यात शिजू लागला.

आणि घर शांत झालं. इतकं शांत की अभ्यास होऊ लागला. हे मी कुणाला फारसं सांगत नाही, पण खरं आहे ते आहे. मी पहिल्या वर्गात पास झाले ती या शांततेवर. वीस घरांच्या चुली मंदावल्या तेव्हा माझा इतिहास पाठ झाला. लोक पेढे खाऊन पाठ थोपटत होते आणि मला लाज वाटत होती. ती लाज पुढं कैक वर्षं गेली नाही.

शेवटी तीन-चार जण उरले. त्यांतले एक काका दुपारी जेवण झालं की माझ्यासमोर बसून माझं पाठांतर घ्यायचे. त्यांना वाचता येत नव्हतं. पुस्तक मांडीवर आपलं शोभेला, आणि डोळे माझ्या ओठांवर. ते विणखात्यातले. तिथं साच्यांच्या, म्हणजे मागांच्या खडखडाटात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून विणखात्यातली माणसं ओठ वाचायला शिकतात. माझे ओठ जरा अडखळले की बोट वर. "थांबलंस मा? परत म्हण."

"काका, बरोबर होतं ते."

"बरोबर असता तर थांबलंस कित्याक?"

मी चिडून परत म्हणायचे, आणि खरंच काहीतरी चुकलेलं निघायचं. मला कळायचं नाही हे कसं काय. एकदा विचारलं तर म्हणाले, "तार तुटली की साचो थांबता. साचो कित्या थांबलो ता बघूचा. बाकी माका तुझ्या इतिहासातला काय कळता?" माझा शेवटचा पेपर झाला त्या आठवड्यात तेही ताट देऊन गावाला गेले. निकाल त्यांना कळला नाही. गिरणी पुन्हा नीट चाललीच नाही, आणि ते परत आले नाहीत.

वर्षं गेली. आमचं ऑफिस लोअर परळला आलं, एका जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मी तिथं सातव्या मजल्यावर काळी खिडकी उघडून बसायचे आणि मधूनच मनात यायचं, खाली इथंच कुठंतरी साचे असतील. मग आई पडली. खुब्याचं हाड मोडलं आणि ज्या बाईनं आयुष्यभर बसून जेवण केलं नाही तिला तीन महिने झोपून राहायची शिक्षा झाली. तो मे महिना मी विसरणार नाही. ती मला झोपल्या झोपल्या स्वयंपाक शिकवायची, आणि मी पन्नाशीकडे आलेली. म्हटलं हिला कशात तरी गुंतवावं. "आई, तुझे जेवणारे सांग बघू. मी लिहून घेते."

"काय करायचंय लिहून? गेले ते."

"सांग गं. नाहीतर भाजीत काय घालू ते पुन्हा विचारीन."

ही धमकी लागू पडली. तिनं डोळे मिटले आणि फळीवरची ताटं डावीकडून उजवीकडे सांगायला सुरुवात केली. कुठल्या ताटाचं नाव काय, ते तिला सांगताच येईना. नंबर, खातं, आणि तो कसा जेवायचा. एका ताटाला एक ओळ, साहेबांनी शिकवलं तशी. *२०९. कांडीखातं. कढी नको. जेवताना गावच्या म्हशीबद्दल बोलायचा. ५०१. ब्लीचिंग. सोमवार पाळायचा, मंगळवारी भरपाई करायचा.* मी हसत हसत लिहीत गेले. त्या फाइलला मी 'ताटं' असं नाव दिलं. आई पुढच्या वर्षी गेली. फाइल राहिली.

मला त्या फाइलचा गर्व होता, तो मागच्या मार्चमध्ये उतरला. दारात एक बाई उभी. चाळिशीची, हातात प्लॅस्टिकची फाइल, चपला बाहेर काढाव्यात की नाही या विचारात. म्हणाली, "लालबागच्या मामीची खोली हीच ना?" रंजना तिचं नाव. देवगडकडची, तिकडं अंगणवाडीत काम करते. शीवला नातेवाइकांकडे उतरली होती. वडील, भिकाजी, जाऊन बारा वर्षं झाली. आई अजून आहे, गावाला, गळक्या घरात. गिरणी कामगारांच्या घरांसाठी आईच्या नावानं अर्ज करायचा होता, पण वडील त्या गिरणीत होते याचा कागदच घरात नव्हता. लाल पास, हजेरीचं कार्ड, सगळं एका आषाढात भिजून लगदा झालेलं. कचेरीत गेली तर जुन्या हजेरीपटात नावाला आडनावच नाही. मुकादमानं भरती करताना माणसाचं नाव आणि बापाचं नाव घातलेलं, संपलं. भिका नावाचे कितीतरी, त्यांतला हिचा बाप कोणता हे कुणी कसं सांगावं? तिकीट नंबर असेल तर बोला, असं तिथला कारकून म्हणाला. मुदत संपायला चार दिवस होते.

"बाबा कधीतरी म्हणायचे, आम्ही मामीकडे जेवायचो. म्हणून आले," ती म्हणाली. "दुसरं कोणी उरलंच नाही विचारायला."

मी म्हटलं, बस. शोधणं हे तर माझं काम. तिरकी रेघ, भिकाजी, एंटर. सापडलं नाही. भिकू. सापडलं नाही. भिका. नाही. देवगड. नाही. तिनं फोटो दाखवला, गावचा, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. मला ओळख पटेना. विणखात्यात होते एवढं तिला माहीत होतं. विणखातं म्हटल्यावर चौदा ओळी आल्या. ती बिचारी ते चौदा नंबर कागदावर उतरवून घेऊन कचेरीत गेली आणि दुपारी तशीच परत आली. कारकून म्हणाला होता, "बाई, माणसाला नंबर एक असतो. चौदा नंबर लावायला ही काय लॉटरी आहे?" त्याचंही चुकलं नव्हतं.

मला स्वतःचा राग आला. एवढं सगळं लिहिलं, म्हशी लिहिल्या, उपास लिहिले, आणि नाव तेवढं लिहिलं नाही. आईला नसेल येत, मला तर विचारता आलं असतं की, तिला नाही तर त्यांना, तेव्हाच. सोळा वर्षांच्या मुलीला वीस माणसांची नावं विचारायला किती वेळ लागतो?

रंजना उठायला लागली. म्हटलं, "आता जेवूनच जा. मामीच्या खोलीतून कुणी उपाशी गेलं तर ती वरून मला बोलेल." आमटी होती, कोलंबी होती. भात जरा लागला होता, लक्ष कुठं होतं माझं. मी वरचा मऊ भात तिला वाढायला घेतला तर ती म्हणाली, "ताई, तळाची खरवड असेल तर ती द्या मला."

"करपलीय गं."

"चालेल. सवय आहे. बाबा नेहमी तेच घ्यायचे, मग मी पण त्यांच्या ताटातली खायचे."

मी डाव पातेल्यातच ठेवला आणि उष्ट्या-खरकट्याचा विचार न करता लॅपटॉपकडे गेले. तिरकी रेघ. खरवड. एंटर.

कर्सर एका ओळीवर जाऊन उभा राहिला. पुढचं शोध म्हणून कळ दाबली, तर फिरून त्याच ओळीवर आला. म्हणजे अख्ख्या फाइलमध्ये खरवड एकदाच. *७१४. विणखातं. खरवड आवडायची. नलूचं पाठांतर घ्यायचा.*

मी ती ओळ स्वतःच्या हातानं लिहिलेली. आईनं सांगितली तेव्हा हसलेही असेन. पण आत्ता ती एकटी समोर आली, आणि मला पहिल्यांदा कळलं की त्या काकांचं नाव भिकाजी होतं. मी रंजनाकडे बघितलं. कपाळ तेच. फोटोतल्या दाढी-टोपीनं झाकलेलं सगळं हिच्या चेहऱ्यावर उघडं होतं. ती घाबरली. "काय झालं ताई?" म्हटलं, "काही नाही. जेव आधी. तुझा नंबर सापडला."

दुसऱ्या दिवशी मीही तिच्याबरोबर कचेरीत गेले. कारकुनानं तो जाडजूड हजेरीपट काढला, विणखात्याची पानं उलटली आणि बोट खाली नेत नेत एका जागी थांबला. "सातशे चौदा. भिका गोविंद." रंजनाचे आजोबा गोविंद, तो दाखला तिच्या फाइलमध्ये होताच. कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "आता कसा काय सापडला हो नंबर?" मी म्हटलं, "भात लागला म्हणून." त्यानं पुढं विचारलं नाही. अर्ज आत गेला. घर लागेल की नाही ते सोडतीवर. पण चिठ्ठी टाकायला आधी नाव असावं लागतं, आणि ते आता होतं.

यंदा पात्र लोकांच्या यादीत तिच्या आईचं नाव आलं. कागदांवर अंगठे द्यायला गेल्या आठवड्यात म्हातारीला मुंबईत आणलं, तेव्हा दोघी माझ्याकडे जेवायला आल्या. मी माळ्यावरचं पोतं आधीच काढून ठेवलं होतं. आईनं ताटं मोडीत घातली नव्हती. येतो म्हणालेत, येतील, असं म्हणत शेवटपर्यंत ठेवली. सातशे चौदा घासून लख्ख केलं आणि म्हातारीपुढं मांडलं. तिनं काठावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. वाचता तिलाही येत नाही. मी सांगितलं, हा तुमच्या माणसाचा नंबर. मग खरवडीची सगळी हकिकत सांगितली, रंगवून रंगवून. रंजना हसत होती. म्हटलं, "त्यांना खरवड आवडायची म्हणून हे झालं बघा."

म्हातारी हसली नाही. म्हणाली, "तेंका खरवड कधीच आवडाक नाय गो बाये. दातात अडाकता म्हणान वैतागत. घरात भात कमी असलो की मगे तेच म्हणत, माका खरवड दी. पोरांका मऊ भात गावाक व्हयो म्हणान."

रंजनाचा हात ताटातच राहिला. ती आयुष्यभर बापाची आवड म्हणून ते खात आली होती.

आणि मी हिशेब कसला मांडणार? त्या मार्चमध्ये लहान भांड्यात शिजलेला भात मला आठवत होता. मामी, माका खरवडच आवडता, हे वाक्यही आता आठवलं, पुस्तकाआडून ऐकलेलं. वरचा मऊ भात आई कुणाच्या ताटात वाढायची हे विचारायला नको. परीक्षा माझी होती. इतकी वर्षं मी म्हणत आले की माझा पहिला वर्ग त्या शांततेवर आला.

मी म्हातारीला मऊ भात वाढला. पुन्हा वाढला. ती पुरे म्हणेपर्यंत थांबले नाही.

तर ती ओळ दुरुस्त करायची होती. परवा सायली अडली, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली आणि या खेपेला न थांबता शेवटपर्यंत म्हणून गेली. मी कर्सर त्या ओळीवर नेला. साहेब म्हणायचे, ओळ एकटी सापडली तरी कळली पाहिजे. जुने शब्द खोडले, नवे लिहिले, फाइल जतन केली.

*७१४. भिकाजी गोविंद. विणखातं. नलूचं पाठांतर घ्यायचे. मऊ भात आवडायचा.*